पाटीवरची दुसरी ओळ: भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क, सोप्या भाषेत

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेची एक पाटी आहे. वर मराठीत नगर परिषदेचं नाव आणि त्याखाली तेच नाव उर्दूत. ही खालची ओळ राहावी की पुसावी, हा वाद २०२० मध्ये नगर परिषदेत सुरू झाला. तिथून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, मग अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे, मग उच्च न्यायालयात. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाली काढला. महाराष्ट्राच्या २०२२ च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा कायद्यानं मराठी बंधनकारक केली आहे आणि पाटीवर मराठी आहेच. तिच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला मात्र त्या कायद्यात मनाई नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही न्यायालयानं त्यात स्पष्ट सांगितलं.

हा निकाल महाराष्ट्रात अनेकांना खटकला. बेळगावात एखादी मराठी पाटी उतरवली गेली की हेच वाचक अस्वस्थ होतात, आणि ते रास्तच आहे. पण पातूरची उर्दू ओळ आणि बेळगावची मराठी पाटी एकाच तराजूत तोलावी लागते, कारण दोन्हींच्या मागचा कायदा, म्हणजे घटनेतले भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क, एकच आहे. तो कायदा काय देतो, काय देत नाही आणि हातातोंडाशी आलेला हक्क नेमका कुठे निसटतो, ते इथे पाहू.

## अल्पसंख्याक कोण, हे कसं ठरतं?

मिरजेहून निघालेला माणूस म्हैसाळ ओलांडून कागवाडला उतरला की वाटेत कुठेतरी राज्याची हद्द लागते. मराठी बोलणारा तो माणूस म्हैसाळपर्यंत बहुसंख्याक असतो आणि कागवाडला भाषिक अल्पसंख्याक होतो. उलट दिशेनं येणाऱ्या कन्नड माणसाचंही तेच. माणूस तोच, बोलीही तीच. फक्त राज्य बदललं.

राज्यघटनेत ‘अल्पसंख्याक’ शब्दाची व्याख्या दिलेली नाही. २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठानं ठरवलं की शिक्षणसंस्थांच्या हक्कासाठी अल्पसंख्याक कोण, हे देशाच्या नव्हे तर राज्याच्या पातळीवर मोजायचं. म्हणून ‘भाषिक अल्पसंख्याक’ म्हणजे त्या राज्यातल्या बहुसंख्य लोकांच्या भाषेहून वेगळी मातृभाषा असलेले लोक, इतका साधा अर्थ धरून चाला.

धर्माच्या बाबतीत केंद्र सरकारनं यादी जाहीर केली आहे: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. भाषेच्या बाबतीत अशी देशव्यापी यादी नाही. भाषेला स्वतंत्र लिपी असायलाच हवी, असंही नाही. १९७१ च्या डी. ए. व्ही. कॉलेज खटल्यात न्यायालयानं सांगितलं की बोलली जाणारी भाषा वेगळी असली की पुरे. महाराष्ट्रात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे भाषिक अल्पसंख्याक म्हटलं की गुजराती, कन्नड, उर्दू, तेलुगू, सिंधी एवढीच नावं डोळ्यांसमोर येतात. गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल, मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल आणि नंदुरबारमधलं भिली बोलणारं मूलही त्याच व्याख्येत बसतं. त्यांच्याकडे आपलं लक्ष सगळ्यात कमी गेलं आहे.

## सातबारा, दिलेला शब्द आणि ठराव

हे हक्क तीन ठिकाणी लिहिलेले आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. गोंधळ बहुतेक इथेच होतो.

पहिला कागद सातबाऱ्यासारखा पक्का आहे. घटनेची कलमं २९ आणि ३० हे मूलभूत हक्क आहेत. वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या कोणत्याही नागरिकगटाला ती जतन करता येते, हे कलम २९ सांगतं. कलम ३० नुसार धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीची शिक्षणसंस्था काढता आणि चालवता येते, आणि ती अल्पसंख्याकांची आहे एवढ्या कारणावरून सरकार अनुदानात दुजाभाव करू शकत नाही. यावर अतिक्रमण झालं तर थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावता येतं.

दुसरा कागद म्हणजे चारचौघांत दिलेला शब्द. १९५६ मध्ये भाषावार राज्यं झाली. सीमा कशीही आखली तरी दोन्ही बाजूंना काही लोक उरणारच, हे राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाला दिसत होतं आणि भाषिक गटांच्या संरक्षणावर त्यानं अहवालात स्वतंत्रपणे लिहिलं. त्यानंतर सातव्या घटनादुरुस्तीनं दोन नवी कलमं आली. ३५०क म्हणतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी प्रत्येक राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. ३५०ख मुळे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला गेला, ज्याला आपण भाषिक अल्पसंख्याक आयुक्त म्हणतो. ‘प्रयत्न करावा’ या दोन शब्दांमुळे हा कागद सातबाऱ्यापेक्षा हलका ठरतो. पण राष्ट्रपती राज्याला तसे निर्देश देऊ शकतात, म्हणून तो निव्वळ सदिच्छाही नाही.

तिसरा कागद गावकीच्या ठरावासारखा आहे. १९५६ चं केंद्रीय गृहखात्याचं निवेदन आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेतले निर्णय त्यात येतात. यातच खरे व्यवहारातले आकडे आहेत. सगळ्यांनी मान्य केलेला, पण मोडला तर दंड कुणाला, हे न लिहिलेला असा हा ठराव आहे.

## चार आकडे: १०, ४०, १५, ६०

शाळा. एखाद्या प्राथमिक वर्गात त्या भाषेची १० मुलं असतील किंवा सगळ्या शाळेत मिळून ४० असतील, तर त्या भाषेतून शिकवणारा शिक्षक द्यायचा. दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात, असं नाही. कोणतीही एक पुरते. हे सूत्र मुळात १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेतलं आहे.

आता ते फसतं कसं, ते पाहा. एका तालुक्याच्या गावात चार शाळा आहेत. पहिलीसाठी कन्नड माध्यम मागणारी ६ मुलं एका शाळेत गेली, ५ दुसऱ्या, ७ तिसऱ्या आणि ४ चौथ्या शाळेत. प्रत्येक मुख्याध्यापक म्हणतो, ‘दहा भरत नाहीत.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. पण गावात मुलं आहेत २२. हे टाळण्यासाठीच १९६१ मध्ये नोंदवहीची सोय ठरली. शाळा सुरू होण्याच्या तीन महिने आधी अशा मुलांची आगाऊ नोंद करायची आणि गरज पडेल तिथे शेजारच्या शाळांनी मुलांचं समायोजन करून एक वर्ग उभा करायचा. नोंदवही उघडलीच नाही तर २२ मुलं चार ठिकाणी विखुरलेलीच राहतात आणि मागणीच नाही, असा शेरा फायलीवर बसतो.

कागदपत्रं. जिल्हा, तालुका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाचं प्रमाण १५ टक्के किंवा जास्त असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम आणि कायदे त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करायचे. बेळगावात मराठी परिपत्रकांची मागणी वर्षानुवर्षं होते, ती याच आधारावर.

इथे एकक कोणतं धरलं, यावर सगळं अवलंबून आहे. सातारा जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढली तर महाबळेश्वरच्या धारांखाली माणचा दुष्काळ दिसेनासा होतो. भाषेचंही तसंच होतं. जिल्ह्यात ८ टक्के दिसणारी भाषा एखाद्या तालुक्यात ३० टक्के असू शकते. सांगली जिल्ह्याचा जत तालुका आणि सोलापूरचे अक्कलकोट व दक्षिण सोलापूर हे तालुके कन्नडसाठी असेच वेगळे मोजायला हवेत. सूत्रात तालुका आणि नगरपालिका हे शब्द आहेत. ‘जिल्ह्यात पंधरा टक्के होत नाहीत’ हे उत्तर म्हणून पुरं पडत नाही.

साठ टक्के. एखाद्या जिल्ह्यात ६० टक्के किंवा जास्त लोक राज्याच्या भाषेहून वेगळी भाषा वापरत असतील तर त्या जिल्ह्यापुरती ती राज्याच्या राजभाषेसोबत आणखी एक राजभाषा म्हणून मान्य करता येते. असे जिल्हे फार थोडे, म्हणून यावर अधिक वेळ घालवत नाही.

हे सगळे टक्के येतात जनगणनेतून. सध्या हाताशी असलेली आकडेवारी २०११ ची आहे आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. प्रगणक मातृभाषा विचारतो तेव्हा लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलायची ती सांगायची असते. शाळेचं माध्यम किंवा ‘आता घरी काय चालतं’ ते नव्हे. मेळघाटातल्या घरानं ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ सांगितली की कोरकूचा टक्का तिथेच घसरतो, आणि त्या टक्क्यावर बेतलेली मागणीही दुबळी होते.

## अर्ज मराठीत देता येतो. उत्तर कोणत्या भाषेत?

कलम ३५० कमी लोकांना माहीत आहे, पण रोजच्या कामाचं आहे. तक्रार-निवारणाचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या शेतकऱ्याला मराठीत आणि जतच्या शेतकऱ्याला कन्नडमध्ये अर्ज देण्याचा हक्क आहे. ‘ही भाषा चालत नाही’ म्हणून खिडकीवरून कागद परत करणं घटनेच्या विरुद्ध आहे.

दोन खाचखळगे मात्र लक्षात ठेवायला हवेत. कलमात उत्तराच्या भाषेबद्दल काही म्हटलेलं नाही. त्यामुळे मराठी अर्जाला कन्नड उत्तर आलं तर निव्वळ ३५० दाखवून भांडता येत नाही, १५ टक्क्यांच्या सूत्राचा आधार घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे, माहिती अधिकाराचा अर्ज वेगळ्या कायद्याखाली येतो. तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो. बेळगावात मराठीत केलेला माहिती अर्ज नाकारला गेला तर कलम ३५० लगेच मदतीला येईल, असं समजू नये. तो सरळ हिंदीत किंवा कन्नडमध्ये करावा आणि वेळ वाचवावा.

गोव्याची व्यवस्था आणखी निराळी. तिथे १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरवली आणि मराठीचा वापरही सरकारी कामासाठी करता येईल, अशी तरतूद त्याच कायद्यात केली. तिथे मराठीचा दावा टक्केवारीच्या सूत्रांवर टेकलेला नाही, थेट राज्याच्या कायद्यावर आहे.

## ‘हे लाड कशाला? सगळ्यांना एकच नियम लावा’

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. पाणी सांगलीतही शिरलं आणि सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडी भागातही. अशा वेळी गाव खाली करण्याची सूचना एकाच भाषेत निघाली तर ज्याला ती वाचता येत नाही त्याच्यापुरती ती निघालेलीच नसते. दुसऱ्या भाषेतली ओळ म्हणजे जादा सवलत नव्हे. सगळ्यांसाठी असलेली सूचना सगळ्यांपर्यंत पोचवण्याचा तो मार्ग आहे.

आणि या कलमांनी बहुसंख्याकांच्या मुलांनाही सांभाळलं आहे. १९५४ मध्ये मुंबई राज्य सरकारनं आदेश काढला की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या भारतीय मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी प्रवेश देऊ नये. नाशिकजवळच्या देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची संचालक संस्था आणि प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी हा आदेश कलम २९ च्या विरोधात ठरवला. केवळ भाषेच्या कारणावरून अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही आणि हा हक्क प्रत्येक नागरिकाचा आहे. आज इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाच्या पाठीशी तो निकाल उभा आहे.

## ‘मग राज्याची भाषा शिकायचीच नाही का?’

शिकायची. या मुद्द्यावर कायदा स्वच्छ आहे. महाराष्ट्रातल्या गुजराती शाळांना मराठी विषय सक्तीचा करण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा २००४ मध्ये न्यायालयानं सक्ती योग्य ठरवली. राज्यात राहायचं तर राज्याची भाषा यायला हवी, ही अपेक्षा रास्त आहे. पुढे २०१५ मध्ये कर्नाटकानं कन्नड शिकवण्यासाठी आणि २०२० मध्ये महाराष्ट्रानं मराठी शिकवण्यासाठी कायदे केले.

फरक विषय आणि माध्यम यांत आहे. मराठी हा विषय सक्तीचा करता येतो. गणित आणि परिसर अभ्यासही मराठीतूनच शिका, अशी सक्ती करता येत नाही. ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच एका प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यमदेखील राज्य लादू शकत नाही, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील. मातृभाषेतून शिक्षण हिताचं आहे असं मनापासून वाटणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निकाल जड जातो. तरीही, मातृभाषा कोणती हे अधिकाऱ्यानं ठरवायचं नाही, हा त्यातला भाग बेळगावच्या मराठी पालकांच्याच उपयोगाचा आहे.

नोकरीतही हाच विचार आहे. १९६१ च्या निर्णयानुसार राज्य सेवेच्या भरतीसाठी राज्यभाषेचं ज्ञान ही आधीची अट नसावी. परिवीक्षा काळ, म्हणजे नोकरीतला सुरुवातीचा चाचणीचा काळ, संपण्याआधी भाषेची परीक्षा घ्यावी.

## ‘अल्पसंख्याक शाळांना कायदाच लागत नाही’

हा समज चुकीचा आहे. शाळा चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळी सांगून ठेवलं. शिक्षकांची पात्रता, स्वच्छता, इमारतीची सुरक्षा यांचे नियम लागतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून मात्र अल्पसंख्याक संस्थांना २०१४ च्या निकालानं वगळलं आहे, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

## ‘कर्नाटकाकडे हक्क मागितले तर सीमाप्रश्न कच्चा होईल’

सीमाभागात ही भीती खरीखुरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो प्रदेशाबद्दल आहे. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क प्रदेशावर नव्हे, तिथे आज राहणाऱ्या माणसांवर टेकलेले आहेत. ते मागितल्यानं जमिनीवरचा दावा सोडल्यासारखं होत नाही. दावा चालू असताना पहिलीत गेलेलं मूल पदवी घेऊन बाहेरही पडलं. त्याच्या वर्गात मराठी शिक्षक होता की नव्हता, हा प्रश्न निकालासाठी थांबला नाही.

## घसरगुंडी कुठे होते

महाराष्ट्राच्या बाजूला एक गोष्ट अभिमानानं सांगता येते. बालभारती मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ माध्यमांत पाठ्यपुस्तकं काढते. पुस्तक असतं. अडतं शिक्षकापाशी. कन्नड माध्यमाचा शिक्षक निवृत्त होतो, संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर शिक्षकपदांच्या हिशेबात, पद दिसतं आणि ते भरायला दुसऱ्या शाळेतला अतिरिक्त ठरलेला मराठी माध्यमाचा शिक्षक पाठवला जातो. कागदावर जागा भरली. वर्गात मात्र दुसरीतल्या पोरीच्या हातातलं कन्नड पुस्तक गुरुजींना वाचता येत नाही आणि गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं तिला कळत नाही. दोन-तीन वर्षांत पालक नाव काढतात, पट १० च्या खाली जातो आणि शाळा ‘मागणीअभावी’ बंद होते. सीमेपलीकडच्या मराठी शाळाही याच वाटेनं मिटू शकतात. यात कुणाला बंदीचा आदेश काढावा लागत नाही.

दुसरी कमजोरी आयुक्तांच्या अधिकारांत आहे. १९५७ मध्ये हे कार्यालय सुरू झालं, विभागीय कार्यालयांसाठी निवडलेल्या गावांत बेळगावही होतं. आयुक्त पाहणी करतात, राज्यांना विचारणा करतात, अहवाल देतात, तो संसदेपुढे ठेवला जातो. राज्यानं ऐकलंच नाही तर हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना नाही. तरी तिथे तक्रार नोंदवण्याला मोल आहे, कारण पुढे न्यायालयात जायचं झालं तर कुणाला, कधी, काय कळवलं होतं, हे तो कागद दाखवतो.

## पालकांनी काय करायचं

एकेकट्यानं मुख्याध्यापकांना भेटू नये. गावातल्या सगळ्या मुलांची एक यादी करावी: मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांनी सांगितलेली मातृभाषा, हवं असलेलं माध्यम आणि पालकाची सही. अर्जावर ‘आगाऊ नोंदणीसाठी’ असं स्पष्ट लिहावं आणि कलम ३५०क चा उल्लेख करावा. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे द्यावा, कर्नाटकात असाल तर बीईओ ऑफिसला, आणि प्रत मुख्याध्यापक, जिल्हाधिकारी आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्त यांना. स्थळप्रतीवर, म्हणजे आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी ‘बघतो’ याची नोंद कुठेच होत नाही.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात: आगाऊ नोंदवही कोणत्या तारखेला उघडली, तिच्यात किती नावं आहेत आणि त्या माध्यमाची मंजूर व भरलेली पदं किती. भरलेल्या पदांपुढे शिक्षकाचं स्वतःचं शिक्षण कोणत्या माध्यमातून झालं, तेही मागावं. वरची घसरगुंडी याच रकान्यात उघडी पडते.

आणि तारीख सांभाळावी. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडते, म्हणजे यादी मार्चच्या मध्याआधी साहेबांच्या टेबलावर हवी. कर्नाटकात शाळा मे संपता संपता सुरू होते. तिथे फेब्रुवारी उलटू देऊ नये.